माझी तक्रार कोणीच केली नाही

मित्रांनो, मी एक जुना ब्रेल प्रिंटर आहे. शाईशी माझा संबंध नाही. जाड कागदावर टोचे मारून मी उठावाचे ठिपके काढतो आणि ज्यांना दिसत नाही ती मुले ते बोटांनी वाचतात. छापताना मी एवढा खडखडतो की शेजारच्या वर्गाचे दार लावून घेतात. लावोत बिचारे. काम करणाऱ्याने आवाज केला तर बिघडले कुठे?

मला घडवणाऱ्या कंपनीने लोखंड उत्तम वापरले, पण एका बाबतीत हात आखडता घेतला. संगणकाला माझी भाषा कळत नाही. मध्ये दुभाष्यासारखा एक प्रोग्राम लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. कंपनीने तो फक्त विकतच्या प्रणालीसाठी, म्हणजे संगणक चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामसाठी, लिहिला. मी ज्या अंधशाळेत आलो तिथे होती मुक्त प्रणाली, जी जगभरचे लोक आपापला वेळ देऊन मिळून लिहितात. त्यामुळे पहिले वर्षभर मी कोपऱ्यात धूळ खात पडलो.

मला बोलते केले ते गणिताच्या बाईंच्या धाकट्या भावाने. तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून होता. प्रोग्राम लिहिणे ही त्याची सुट्टीच्या दिवसाची हौस. त्याने कंपनीकडे माझ्या आज्ञांचा तक्ता मागितला, म्हणजे कोणता आकडा पाठवला की मी काय करतो त्याची यादी. 'ती गुप्त आहे,' असे उत्तर आले. मग बहीणभावांनी दर रविवारी वेगळाच उद्योग मांडला. तो मला एकेक आकडा पाठवी आणि बाई कागदावर बोटे फिरवून काय उमटले ते सांगत. बाईंना जन्मापासून दिसत नाही.

"ताई, आता काय आलं?"

"भोक पडलंय. तुझ्या डोक्यात आहे तेवढंच."

"अगं, नीट सांग ना!"

"नीटच सांगतेय. कागदाची चाळण झालीये. पाठव पुढचा आकडा."

सात महिने हे चालले. अखेर ड्रायव्हर तयार झाला, मुक्त प्रणालीत सामील झाला आणि सांभाळणारा म्हणून भावाचे नाव लागले. कंपनीने लगेच माझ्या भावंडांच्या खोक्यांवर छापले, 'मुक्त प्रणालीवरही चालतो!' आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. बिघाडाची पत्रे मात्र भावाकडे येत. काही तर अशी खडसावणारी, जणू तो त्यांचा पगारी नोकर होता.

नऊ वर्षे त्याने ते निभावले. मग त्यांचे वडील अंथरुणाला खिळले, आणि कचेरी, दवाखाना, पत्रे हे सगळे त्याला झेपेना. 'मला आता जमत नाही, पुढे तुम्ही पाहा,' असे त्याने कंपनीला कळवले. 'जरूर लक्ष घालू,' असे गोड उत्तर आले. त्याने आपले नाव काढून घेतले आणि बाईंना सांगितले, "ताई, आता कंपनी बघणार आहे." कंपनीतल्या इंजिनियरला वाटले, मुक्त प्रणालीला माणसे भरपूर आहेत, कोणीतरी बघेलच.

कोणीच बघितले नाही. दोन वर्षांनी प्रणाली सांभाळणाऱ्यांनी आपल्या चर्चेच्या जागी एक प्रश्न टाकला. 'या ड्रायव्हरला वाली नाही. कोणी वापरतं का? तीन महिन्यांत उत्तर आलं नाही तर काढून टाकू.' त्यांचे तरी काय चुकले? बेवारस प्रोग्राम किती दिवस पोसायचा? पण तो प्रश्न जिथे विचारला तिथे आमच्या शाळेतले कोणी कधी गेलेच नव्हते. भाऊही तिथून बाहेर पडला होता. ते तीन महिने मी इथे रोज खडखडत होतो. मित्रांनो, मी तेव्हा बिघडलो असतो तर बरे झाले असते. कोणीतरी ओरडले असते, तक्रार गेली असती, मी जिवंत आहे हे कळले असते. मी नीट चाललो म्हणून मेलेला ठरलो.

त्या वर्षी शेवटच्या वर्गात एक मुलगी होती. दिसेल त्याची, म्हणजे हाताला लागेल त्याची बेरीज करायची, म्हणून सगळे तिला 'बेरीज'च म्हणत. तिला पुढे गणितच शिकायचे होते आणि त्यासाठी परीक्षेत चांगले गुण हवे होते. प्रश्नपत्रिका परीक्षेच्या सकाळी शाळेच्या संगणकावर येई आणि तिथूनच मी ती छापावी असा नियम होता. परीक्षा मंडळाने कळवले की यंदा प्रश्नपत्रिका प्रणालीच्या नव्या आवृत्तीवरच उघडेल. ऐन वेळी घोळ नको म्हणून मुख्याध्यापकांनी अकरा दिवस आधीच नवी आवृत्ती बसवून घेतली. बाईंनी छपाईची आज्ञा दिली. मी हललो नाही. नव्या आवृत्तीतून माझा ड्रायव्हर काढून टाकला होता.

भाऊ धावत आला. त्याने तो जुना प्रश्न शोधून काढला आणि डोक्याला हात लावला. "ताई, त्यांनी विचारलं होतं गं. आपणच बोललो नाही." मग त्याने कंपनीच्या इंजिनियरला फोन लावला.

"साहेब, आम्हाला वाटलं तुम्हीच सांभाळताय," इंजिनियर म्हणाला.

"आणि मला वाटलं तुम्ही!"

नव्या आवृत्तीत छपाईची रीतच बदलली होती आणि तिला माझ्या अशा आज्ञा लागत ज्या भावाने कधी शोधल्याच नव्हत्या. पुन्हा अंदाजाने आकडे पाठवत बसायला वेळ नव्हता, तक्ता हवा होता. इंजिनियर भला होता, पण त्याला वरून परवानगी घ्यावी लागली. तक्ता आला विसाव्या दिवशी.

तोवर परीक्षा होऊन गेली होती. बेरीजला गणिताचा पेपर एका माणसाने वाचून दाखवला, नियमाप्रमाणे प्रत्येक प्रश्न दोनदा. आकृती दोनदा ऐकून मनात धरायची, लांबलचक समीकरण ऐकून सोडवायचे. तुम्ही करून पाहा. ती गणितात नापास झाली. पुढच्या शाळेने तिला गणित नाकारले आणि टेलिफोन ऑपरेटरच्या अभ्यासक्रमाला घातले.

तक्ता हाती आल्यावर भावाने सहा दिवसांत मला पुन्हा बोलते केले. आता सांभाळणारे म्हणून दोन नावे आहेत, एक त्याचे आणि एक कंपनीच्या इंजिनियरचे. पहिल्याच दिवशी हे करायला कोणाचे काय गेले असते?

शाळा सोडल्याचा दाखला न्यायला बेरीज आली, तेव्हा बाईंनी तो गणिताचा पेपर माझ्याकडून छापून घेतला. बेरीज माझ्या शेजारीच बसली. बोटे फिरवीत तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळा सोडवला. बाईंनी तपासला. एकही चूक नव्हती. मग ती कागद हातात धरून उभी राहिली.

"बाई, हा आता कुठे द्यायचा?"

मित्रांनो, तुमच्याकडेही एखादे यंत्र मुकाट्याने चालत असेल. ते कोणाच्या जिवावर चालते याची एकदा चौकशी करा. आणि ते सांभाळणाऱ्याने 'वापरता का?' असे विचारले, तर हो म्हणायला उशीर करू नका.