एक्केचाळिसावं पॅशन

"त्साइडलरबाई, खुर्चीवर उशी ठेवायची नाही. पुढून वाईट दिसतं."

गाणं सुरू व्हायला दहा मिनिटं होती आणि आमच्या कोरसच्या नव्या संचालिका केर्स्टनबाईंना नेमकी माझी उशी दिसली. चर्च गारठलेलं, खुर्च्या लाकडी, माझं वय अडुसष्ट. पण पुढून वाईट दिसतं! मी उशी पायाशी सरकवली आणि दातओठ खात बसले.

बोलून उपयोगही नव्हता. पासष्टीच्या पुढच्या सगळ्यांच्या आवाजाची परीक्षा घ्यायची टूम याच बाईंनी काढलेली. मला पियानोपाशी एकटीला उभं करून चार ओळी गाऊन घेतल्या आणि म्हणाल्या, "आवाज थरथरतो हो तुमचा. गुड फ्रायडेचं पॅशन तेवढं गा, मग थांबू या." थांबू या! जशा काही त्याही थांबणार होत्या. येशूच्या मरणाची ही तीनशे वर्षांपूर्वीची गीतकथा मी या गावच्या कोरसमध्ये चाळीस वेळा गायले आहे. दिवसभर औषधांच्या दुकानात खोकल्याच्या बाटल्या विकायच्या आणि गुरुवारी तालमीला पळायचं, याशिवाय मी आयुष्यात केलं तरी काय?

शेजारच्या गुड्रुनने कोपर मारलं. "चिडू नकोस गं. आम्ही सगळ्या तुझ्या श्वासावर तर सूर उचलतो."

ते मात्र खरं होतं. आम्हा अल्टोंची, म्हणजे खालच्या पट्टीतल्या बायकांची, जागा आली की मी नाकाने जोरात श्वास घ्यायची. तो ऐकून बाकीच्या बाराजणी सुरू व्हायच्या. संचालिकेच्या हाताकडे बघतं कोण! त्यावरूनच मला सुचलं. 'वधस्तंभावर खिळा त्याला!' असं जमाव ओरडतो, तिथे आधी पुरुष सुरू करतात, मग आम्ही. तिथे मी श्वासच घ्यायचा नाही. नुसते ओठ हलवायचे. पडू दे चांगलं भगदाड. अल्टो कुणाच्या जिवावर गातात, ते कळू दे बाईंना.

ती जागा आली. पुरुष गरजले. मी श्वास कोंडून धरला.

आणि बाराजणींनी अचूक सूर उचलला. एक पुढे नाही, एक मागे नाही. सगळ्यांचे डोळे केर्स्टनबाईंच्या हातावर, त्या लबाड गुड्रुनचेसुद्धा! आवाज स्वच्छ होता. माझ्याशिवाय जरा जास्तच स्वच्छ. बाईंनी खुशीत आमच्याकडे बघून मान हलवली. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणीच आलं.

उरलेलं मी गायले, पण हळू, शेजारणींच्या आवाजाखाली. शेवटचं गीत संपलं तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. गुड फ्रायडेला वाजवत नाहीत. माणसं मुकाट उठून गेली. एरवी मला ती शांतता आवडायची. आज वाटलं, कुणीतरी चुकून तरी वाजवा रे!

दाराशी माझा नवरा एकेहार्ट कोट घेऊन उभा होता. त्याला सुरातलं ओ की ठो कळत नाही, पण एकही वर्ष चुकवलेलं नाही.

"ते 'वधस्तंभावर खिळा' काय रंगलं आज!" तो म्हणाला. "त्यात तुझा आवाज वेगळा कळत होता बघ. मी लगेच ओळखला."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो अगदी मनापासून बोलत होता.

"हो का?" मी म्हटलं, आणि त्याने धरलेल्या कोटात हात घातला.