कोन बोललं? कुनाला?

देगलूरच्या नरसिंग सरांच्या इंग्रजी वर्गात घोकंपट्टीला पर्याय नव्हता. पन्नास वाक्प्रचारांची यादी, समोर मराठी अर्थ. तोंडी परीक्षेत दहापैकी सहा आले नाहीत तर वर्गातून नाव कमी. सरांचं वय अवघं अठ्ठावीस, पण रुबाब हेडमास्तरचा.

बाजारात बांगड्यांचं दुकान चालवणाऱ्या हुस्नाआपा चाळिशी ओलांडून या वर्गात आल्या होत्या. चौथीत असताना घरच्यांनी त्यांचं नाव शाळेतून काढलं, त्याचा राग त्यांनी तीस वर्षं जपून ठेवला होता. आता पुन्हा कुणी नाव काढलेलं त्यांना मुळीच खपणार नव्हतं. पण यादी काही केल्या डोक्यात राहीना. लेक सदफ त्याच वर्गात होती, आणि आईकडून घोकून घेता घेता ती बिचारी मेटाकुटीला आली होती.

परीक्षेला आपा उभ्या राहिल्या आणि सरांनी पहिलाच बॉम्ब टाकला. "बाइट द बुलेट."

आपांना काही म्हणजे काही आठवेना. सरांनी फुली मारायला पेन उघडलं.

"थांबा सर! हे कोन बोललं? कुनाला?"

"कोण म्हणजे? यादीत आहे."

"यादी बोलती का कधी? माझ्या दुकानात तेलुगू बाया येतात, कन्नड येतात. मला दोन्ही येत न्हाई. पन बांगडी चढवताना बाई काय बोलून राहिली, ते तिच्या तोंडावरून कळतंय मला. तुमी जरा करून दाखवा."

वर्गानं एकच गिल्ला केला. सर चिडले, लाजले, आणि शेवटी उठले. डोळे मिटून, दात आवळून, इंजेक्शनच्या सुईपुढे दंड धरणारा माणूस त्यांनी हुबेहूब उभा केला.

"कळलं! मन घट्ट करून सोसायचं!"

बरोबर होतं. सर चकित झाले आणि, खोटं कशाला बोला, त्यांना चेवही आला. 'स्पिल द बीन्स'ला ते नसलेला पदर सावरत नसलेल्या शेजारणीच्या कानाशी लागले. "गुपित फोडलं!" 'ओव्हर द मून'ला त्यांनी बाकाला दोन फेऱ्या मारल्या आणि चप्पल हरवली. "आनंदानं येडं झालं!" पोरी हसून हसून बाकावर आडव्या झाल्या. तीन चुकले, पाच जमले. आता एकच हवा होता.

"आय हॅव गॉट कोल्ड फीट," सर म्हणाले.

या वेळी त्यांनी काही करून दाखवलं नाही. आवाज बसका निघाला. सदफ मागून ओठ हलवून उत्तर पुरवत होती, पण आपांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या सरांच्या आवळलेल्या मुठीकडे बघत होत्या.

"अशा मुठीवर बांगडी चढत न्हाई सर. हे तर तुमी सोताच बोलून राहिलात. ऐन वेळी अवसान गळालंय. कशाला भिऊन राहिलात?"

सर मटकन खुर्चीत बसले. "परवा लातूरच्या कॉलेजात मुलाखत आहे. सगळी इंग्रजीत. आपा, मी वर्गाबाहेर कुणाशी इंग्रजी बोललेलोच नाही."

"ते बघू. आधी माझं नाव राहिलं का सांगा."

"राहिलं."

आपांनी अशी काही आरोळी ठोकली की खालचा चहावाला धावत वर आला. मग त्यांनी सरांना उठवलं, स्वतः त्यांच्या खुर्चीत बसल्या, सदफला शेजारी घेतलं आणि मुलाखत सुरू केली.

"व्हाय यू अफ्रेड, सर?"

सरांनी चूक काढायला तोंड उघडलं, पण निघालं भलतंच. "बिकॉज इफ आय गेट द जॉब, धिस क्लास विल क्लोज."

आपांना हे वाक्य यादीशिवाय, नाटकाशिवाय, एका दमात कळलं. त्या खुर्चीत सरळ बसल्या.

"नो क्लोज. संडे. एसटी."

नोकरी घ्या, दर रविवारी लातूरहून एसटीनं या, आणि आला नाहीत तर बघा, एवढं सगळं त्यात होतं. आणि सरांना ते अगदी नीट कळलं.