पुसलेल्या फितीची कैफियत

मी फीत बोलतेय. वेणीला बांधायची नव्हे, शिंप्याच्या गळ्यातली नव्हे आणि गाण्यांचीही नव्हे. संगणकाची फीत. माझ्यावर माणसांची नावं होती आणि त्या नावांपुढे त्यांचं रक्त होतं. ते सगळं पुसून टाकलं गेलं. पुसणाऱ्याला कोणी जाब विचारला नाही, म्हणून मला बोलावं लागतंय.

प्लास्टिकच्या लांबलचक पट्टीवर गंजासारखी तपकिरी पूड चोपडली की आमचा जन्म होतो. जाडजूड चकतीवर गुंडाळून, डब्यात बंद करून मला रेल्वेने नागपूरला आणलं. साल एकोणीसशे त्र्याऐंशी. धंतोलीत एका धर्मादाय संस्थेचं रक्तपाहणी केंद्र होतं. तिथल्या गार खोलीत मी राहायला गेले. बाहेर मे महिन्याचं ऊन, व्हरांड्यात खेड्यांतून आलेली माणसं ओल्या दुपट्ट्याने तोंड पुसत बसलेली, आणि गारवा मात्र आम्हा निर्जीवांना. तेव्हाच मला थोडं खटकलं होतं.

माझा सांभाळ चारुशीला गजभियेंकडे होता. संख्याशास्त्र शिकलेल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांचा धाकटा भाऊ दर हिवाळ्यात हाडं दुखतात म्हणून रडायचा. डॉक्टर वाताची औषधं द्यायचे. पुढे तो गेला. ते दुखणं वाताचं नव्हे, सिकलसेल या आईबापांकडून रक्तातून येणाऱ्या आजाराचं होतं, हे घरच्यांना फार उशिरा कळलं. आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन्ही अंश आले की मूल आजारी. एकच अंश असलेला माणूस वाहक. तो धडधाकट असतो, त्याला स्वतःलाही ठाऊक नसतं. म्हणून लग्नाआधी दोघांचं रक्त माहीत असणं महत्त्वाचं.

कन्हानच्या खाणवस्तीपासून नरखेडच्या संत्र्यांच्या गावांपर्यंत केंद्राची जीप फिरायची. बोटाला सुई टोचून घ्यायला माणसं भीत. चारुशीलाताई आधी स्वतःच्या बोटाला टोचून दाखवत. मग बायका पुढे होत. नाव, गाव, रक्ताचा निकाल, सगळं शेवटी माझ्यावर येऊन बसायचं.

ताईंची ठेवायची रीत सावकाशीची होती. नवं लिहिलं तरी जुनं तसंच ठेवायचं. प्रत्येक फितीची जोड, हुबेहूब नक्कल, कन्हानच्या एका दवाखान्यात, म्हणजे इथे आग लागली तरी तिथे नोंदी सलामत. आणि प्रत्येक नोंदीच्या शेवटी तिच्यातल्या आकड्यांची बेरीज. वाचताना बेरीज जुळली नाही की यंत्र थांबायचं आणि ठणाणा करायचं. लोक वैतागायचे. मला त्या थांबण्याचा अभिमान होता. ठाऊक नसेल तिथे गप्प बसणं किती माणसांना जमतं?

मग नवं यंत्र घ्यायचं ठरलं. फितींऐवजी, ज्यांच्या अंगावरच नोंदी लिहितात अशा चुंबकी चकत्यांचं कपाट. केंद्राचे संचालक डॉ. विश्वनाथ साल्पेकर, विक्रेते ओमप्रकाशजी आणि ताई आमच्याच खोलीत बसले. नोंदी कशा ठेवायच्या याचे दोन प्रकार होते. एक झटपट: सगळं एकाच चकतीवर, जुन्यावरच नवं लिहायचं, तपासणी नाही. दुसरा धीमा: तेच दोन चकत्यांवर, जुनं शाबूत, वाचताना दर वेळी पडताळणी.

"मॅडम, पहिला घ्या. एकदम फास्ट आहे. नाव टाका, पलक झपकायच्या आत हाजिर," ओमप्रकाशजी म्हणाले.

"हजर होईल. पण बरोबर हजर होईल का?" ताईंनी विचारलं.

"मशीन कधी झूठ बोलते का मॅडम?"

ताई साल्पेकरांकडे वळल्या. "डॉक्टर, इथली वीज दिवसातून कितीदा जाते हे तुम्हाला माहीत आहे. लिहिता लिहिता गेली तर अर्धं लिहिलेलं कोण पकडणार? आपल्याला घाई कसली आहे?"

"उद्घाटनाला मंत्री येणार आहेत," साल्पेकर म्हणाले. "त्यांच्यासमोर पडदा थांबून राहिला तर हसं होईल. चारुशीलाबाई, तुमचा भित्रेपणा समजतो मी, पण संस्था अशी चालत नाही."

ठरलं. खेड्यापाड्यांतल्या माणसांचं रक्त कसं जपायचं, ते मंत्र्याच्या डोळ्यासमोर पडदा किती लवकर उजळतो यावर ठरलं. मी मांडणीवर बसून ऐकत होते. मला हात असते तर मी टेबल आपटलं असतं.

एवढ्यावर भागलं नाही. नोंदी नव्या यंत्रात उतरवून झाल्या आणि 'जुन्या फिती पुसून हिशेब खात्याला द्याव्यात' असा हुकूम निघाला. ताई भांडल्या, निदान कन्हानची जोड राहू द्या म्हणाल्या. साल्पेकरांनी जीप पाठवून तीही आणवली. आम्हाला एकेक करून यंत्रावर चढवलं आणि चुंबकाने कोरं केलं. दुखत नाही ते. फक्त आधी गजबजलेलं असतं आणि मग काहीच नसतं. माझ्या चकतीची कड फुटकी निघाली म्हणून हिशेब खात्याने मला घेतलं नाही. ताईंनी मला आपल्या कपाटात ठेवलं. का ठेवलं, ते त्याही सांगू शकल्या नसत्या.

मंत्री आले. पडदा उजळला. टाळ्या झाल्या.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका दुपारी नोंदी लिहिणं चालू असताना वीज गेली. परत आली तेव्हा पडदा पूर्वीसारखाच उजळला, म्हणून कोणी काही पाहिलं नाही. पण आत नावांची रांग एका ओळीने सरकली होती. नरखेडकडच्या गावांत प्रत्येक नावापुढे शेजारच्याचं रक्त जाऊन बसलं होतं. बेरीज करणारं कोणी नव्हतं. पडदा न अडखळता खोटं सांगत राहिला.

अशात प्रेमिला आली. नरखेडकडे संत्र्याच्या बागेत राखणीला असलेल्या कवडूची मुलगी. तिचं लग्न कन्हानच्या खाणीतल्या देवरावशी ठरत होतं. देवरावचं रक्त तपासून झालं होतं, तो वाहक होता. जीप गावात आली तेव्हा प्रेमिलानेही रक्त दिलं होतं, त्यात काय निघालं ते तिला जाणून घ्यायचं होतं.

"ताई, माह्या रक्तात असन तं मी नाही म्हणून देईन," ती म्हणाली. "त्याले सांगूनच आली मी."

ताईंनी नाव टाकलं. प्रेमिलाच्या नावापुढे 'निर्दोष' आलं. ताईंनी ते तिला वाचून दाखवलं. पोरीचा चेहरा असा काही उजळला की ताईही हसल्या. मी कपाटात होते. खरं काय ते एके काळी माझ्या अंगावर होतं आणि आता मलाही सांगता येत नव्हतं. या गोष्टीचा मला आजही संताप येतो.

लग्न झालं. पुढे कवडू केंद्रात आला तेव्हा त्याच्या खांद्यावर नातू होता. पोराचे हातपाय सुजलेले, रडून रडून आवाज बसलेला. मागे प्रेमिला, तिच्या मागे देवराव.

ताईंनी पोराचं रक्त तपासायला दिलं आणि प्रेमिलाचंही पुन्हा घेतलं. निकाल आला: प्रेमिला वाहक होती आणि पोराला दोन्ही अंश आले होते.

"ताई, तुमीच तं म्हणलं होतं ना, पोरगी चांगली आहे म्हणून," कवडू म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "मंग हे काहून झालं?"

"मी चुकीचं सांगितलं, कवडूभाऊ," ताई म्हणाल्या. "यंत्रात चूक होती आणि मी ती तशीच वाचली."

"आमी रक्त तं खरंच देलं होतं," प्रेमिला म्हणाली. "ते कुठी गेलं?"

ताई तडक साल्पेकरांच्या खोलीत गेल्या. दार उघडंच राहिलं.

"एखादी चूक होतेच," साल्पेकर म्हणाले. "बाहेर बोलू नका. लोकांचा केंद्रावरचा विश्वास उडेल."

"उडू द्या. त्या विश्वासावर पोरींची लग्नं ठरताहेत. आपण गावोगाव जाऊन सांगायला हवं की आमच्या नोंदी चुकल्या आहेत, पुन्हा तपासून घ्या."

"तसं केलंत तर तुमची नोकरी राहणार नाही."

ताई परत आल्या, कपाट उघडलं, आपला डबा घेतला, छत्री घेतली आणि मला पिशवीत टाकलं.

आता त्या नरखेडच्या एसटीने गावोगाव जातात. नागपूरच्या मेयो रुग्णालयातले एक ओळखीचे डॉक्टर सुट्टीच्या दिवशी सोबत येतात. कवडूच्या गावात पारावर माणसं जमली तेव्हा ताईंनी उभं राहून सगळं सांगितलं. म्हातारे चिडले. "एकदा घेतलं, हरवलं. आता कायले द्याचं?" असं म्हणून काही जण उठून गेले. त्यांचं काय चुकलं? तेव्हा प्रेमिला पोराला कडेवर घेऊन पुढे आली, लहान बहिणीचा हात धरून तिला ताईंसमोर बसवलं आणि म्हणाली, "हिचं पयले घ्या. हिचं लगन व्हाचं आहे." मग बायकांची रांग लागली. पोराला आता योग्य औषधं चालू आहेत. दुखणं जाणार नाही, पण त्याला वाताच्या गोळ्या तरी कोणी देणार नाही.

त्याच दिवशी कवडूच्या स्वतःच्या एकरभर शेतातल्या ज्वारीवर पाखरांची धाड पडली होती. ताईंनी मला पिशवीतून काढलं, चकतीवरून उलगडलं आणि बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याच्याबरोबर ताणून बांधलं. मी तेव्हापासून या वावरात आहे.

वारा आला की मी घूं घूं वाजते आणि पाखरं उठतात. काम हलकं नाही, मला त्याची लाजही नाही. पण तुम्ही माणसं आता एकेक करून सगळंच यंत्रांत ठेवायला निघाला आहात. जन्म, जमिनी, आजार. कपाट निवडताना ते किती लवकर उघडतं एवढंच विचारू नका. चुकल्यावर ते थांबतं का, हे विचारा. जुनं कुठे जपलंय ते विचारा. आणि पुसायचा हुकूम देणाऱ्याला, तो कोणाचं पुसतोय हे त्याच्या तोंडून वदवून घ्या.

प्रेमिला कधी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, येऊन उभी राहते, माझी पट्टी बोटात धरून उन्हात पाहते. तिला काही दिसत नाही. बाई, मी तुला विसरले नाही. तुला माझ्याकडून काढून घेतलं.