रिकाम्या काट्यावरचं फडकं

किराणा दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे वजनकाटा, त्याच्या आकड्यांच्या तबकडीवर निळं फडकं आणि शेजारी श्वासगुरू. सात श्वास घ्यायचे, काट्यावर उभं राहायचं, मग गुरू फडकं उचलणार. दर आठवड्याला किलो-दीड किलो वजन गायब. चालणं नको, पथ्य नको, औषध नको. चरबी म्हणजे अडकलेला श्वास, तो मोकळा करा, बाकी शरीर बघून घेतं, असं गुरू सांगत आणि लोक माना डोलवत.

भिंतीला टेकून थोरली हे बघत होती आणि तिचा नुसता जळफळाट होत होता. टाळ्या पडत होत्या त्या तिच्या धाकट्या जावेला. सहा आठवड्यांत आठ किलो.

थोरली शिवणकाम करायची. मशीनवर बसून पाठ धरते म्हणून तीन महिने ती रोज पहाटे पाऊण तास चालत होती, रात्रीचं जेवण आठच्या आत उरकत होती. उतरलं काय, तर दीड किलो. घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही. आणि धाकटी नुसती उभी राहून बारीक झाली, तर सासूबाई शेजारणींना बोलावून तिला दाखवत होत्या. नवरासुद्धा म्हणाला, शीक काहीतरी तिच्याकडून. त्या दिवशी थोरलीने एका गिऱ्हाइकाची बाही उलटी जोडली.

मग धाकटी ऐटीत ड्रेस शिवून घ्यायला आली. ढगळ नको, आता मी पूर्वीची नाही, म्हणाली. थोरलीने टेप लावली. कंबर अडतीस. वही उघडली, तर गेल्या वर्षीही अडतीस. थोरलीला इतका आनंद झाला की तिने टेप तीनदा लावली. तोच आकडा वहीत पुन्हा लिहिला. उद्याच्या बैठकीत हिचं नाक कापायचं, हे तिने ठरवूनच टाकलं.

उंची घ्यायला ती खाली वाकली. धाकटीच्या पायाच्या अंगठ्याला जखम होती, कडा काळपट पडलेल्या. पंधरा दिवस झाले, भरतच नाही, धाकटी म्हणाली. आणि मधुमेहाच्या गोळ्या? थोरलीने विचारलं. त्या कधीच सोडल्या. वजन उतरलं की साखर आपोआप उतरते, गुरूंनी सांगितलंय.

"आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चल," थोरली म्हणाली.

"ताई, माझं बरं चाललेलं तुम्हाला बघवत नाही."

थोरलीला ते खरंच बघवत नव्हतं.

टेपचं टोक झिजतं, म्हणून थोरली माप घेण्याआधी टोक तपासायची. सुरुवातच चुकली तर सगळं माप चुकतं. गुरूंच्या काट्याची सुरुवात मात्र कुणी बघितलीच नव्हती. माणूस उतरायच्या आत गुरू फडकं टाकत. रिकामा काटा पाहिला की गेलेलं वजन परत अंगात शिरतं म्हणे.

दुसऱ्या दिवशी धाकटी काट्यावर चढली, नऊ किलो उतरल्याचं जाहीर झालं. गुरूंचा हात फडक्याकडे जाईपर्यंत थोरलीने ते बगलेत मारलं होतं. धाकटी उतरली. काटा रिकामा, आणि सुई शून्याच्या नऊ किलो मागे.

"ती ऋण ऊर्जा आहे," गुरू म्हणाले.

थोरलीने काट्याखाली बोट घातलं. तिथे सुई जुळवायचं छोटं चाक होतं. प्रत्येकाच्या आधी गुरू काट्याला वाकून हात लावत, ते एवढ्यासाठी. चाक फिरवलं तशी ऊर्जा निमूटपणे शून्यावर आली. धाकटी पुन्हा चढली. पहिल्या दिवसाचं वजन, जसंच्या तसं. गुरूंना एकदम दुसऱ्या गावची बैठक आठवली.

थोरली धाकटीला तशीच डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी जखम धुतली, गोळ्या पुन्हा सुरू केल्या. आणखी उशीर झाला असता तर अंगठा कापावा लागला असता, म्हणाले. परतताना धाकटीने विचारलं,

"ताई, तुम्ही बैठकीत माझ्यासाठी आलात की मला खाली बघायला लावायला?"

"आधी खाली बघायला लावायला," थोरली म्हणाली. "पाय पाहिला, मग तुझ्यासाठी."

वाचणाऱ्यांनी थोरलीचं मन घेऊ नये, ते कोतंच होतं. तिची सवय मात्र जरूर घ्यावी. कुणी चमत्काराचा आकडा दाखवला, की काटा रिकामा असताना सुई कुठे होती, ते आधी विचारावं. चालणं, वेळेवर जेवणं आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी घेणं, यांना कुणी टाळ्या वाजवत नाही. पण पायाचा अंगठा जागेवर राहतो.