उपाशी मोटर

मोटर किन्हवलीत आली ती वैशाखातल्या भर दुपारी, पाठीमागनं काळा धूर सोडत. पेट्रोल सगळं लढाईवर गेलेलं, म्हणून तिच्या पाठीला कोळशाची टाकी बांधलेली. टाकीत कोळसा धगधगला की त्याच्या वायूवर मोटर चालायची. बघायला आख्खा गाव लोटला. कुत्रीसुद्धा ओळीनं बसली. बाईजा तेवढी उठली नाय. ओटीवर बसून तांदूळ पाखडत होती आणि सुपाच्या कडेवरनं मोटारीवर डोळा ठेवून होती.

तिला कारण होतं. चार दिवसांनी तिची नात कमळ ह्याच मोटारीत बसून मुरबाडला लग्नाला जायची होती. कमळची आई गेली तेव्हा पोर सहा महिन्यांची. बाईजानं तिला शेरडीच्या दुधावर वाढवलं, नि आता ती उंबऱ्याएवढी नाय, चौकटीएवढी झालेली. नवऱ्या मुलाची आत्या ताराबाई, मुरबाडच्या भातगिरणीची मालकीण. मोटर तिची. तिनं निरोप धाडला होता, ‘नवरी आमच्या मोटारीतनं आली पायजे.’ मोटर आधी दाखवायला पाठवली, बरोबर डायवर जैतू.

जैतू म्हणजे मोटर अर्धी चाकांवर आणि अर्धी तोंडानं चालवणारा माणूस.

“ही साधीसुधी मोटर नाय,” तो बोनेटवरची पितळी ढाल धोतरानं पुसत म्हणाला. “ढाल छाप. बर्फाच्या मुलखात दोघं भाऊ हायेत, एक लोहार, एक सुतार. तिसऱ्याला घोड्यानं पाडला, तो गेला. तवा आयनं दोघांना शपथ घातली, माणूस मरंल अशी वस्तू बनवायची नाय. तवापास्नं हे भाऊ नवी मोटर झाली का सोता आत बसतात नि डोंगरावनं ढकलून घेतात. वाचले तरच इकायला काढतात.”

“आणि नाय वाचले तं?” बाईजानं ओटीवरनं विचारलं.

“अजून वाचल्यात आजी. ह्या मोटारीचंच बघा ना. पयला मालक इगतपुरीचा रेल्वेचा सायब. कसाऱ्याच्या घाटात कड्यावनं खाली गेला. दार उघडून भायेर आला तं डोक्यावरची टोपी वाकडी नाय. दुसरा कल्याणचा डाक्टर. वाशिंदजवळ आंब्याला धडकला. आंबा आडवा झाला, डाक्टर उभा. पाटीभर आंबे घेऊन घरी गेला. तिसरा आटगावचा लाकडाचा ठेकेदार. सागाचा सोट छपरावर पडला, ठेकेदार आत झोपलेला. उठला नि म्हनतो, च्या ठेवा.”

गाव हसला. बाईजानं सूप खाली ठेवलं.

“एवढी गुणाची, मंग इकली का सगळ्यांनी?”

“सायब इलायतेला गेला. ठेकेदाराचा ठेका सुटला. डाक्टर म्हातारा होऊन मेला.”

“कुठं मेला?”

“पलंगावर, आजी!”

“म्हंजे हिनं अजून कोनालाच घेतला नाय?”

“कोनालाच नाय. आकरा वर्सं झाली, एक ओरखडा नाय कोनाला.”

“मंग ही उपाशी हाय,” बाईजा म्हणाली.

जैतू हसायला गेला, पण आजूबाजूला कोणी हसेना. म्हातारी उगाच बोलत नव्हती. विहीर खणली की पहिल्या वर्षी ती कायतरी घेते, शेरडू घेईल नायतर माणूस. ताराबाईच्या गिरणीच्या पट्ट्यानं तिथल्या महादू गड्याचं बोट घेतलं, मग ती गिरणी दहा वर्षं गपगुमान चालली. जे घेऊन मोकळं होतं त्याची भीती नाय. पण तीन वेळा घास तोंडाशी आला आणि तीनदा सुटला, तिची भूक केवढी साठली असेल!

बाईजा उतरली, मोटारीच्या भोवती एक फेरी मारून आली. दारं कणगीच्या भिंतीसारखी जाड. आत छपराला कापसाची गादी. आणि बसायच्या जागेला दोन्हीकडनं चामड्याचा पट्टा, घोड्याच्या तंगासारखा.

“हा कशाला रे?”

“बसणाऱ्याला बांधायला. कंपनीनंच दिलाय.”

“बघा गो बायांनो,” बाईजा वळून म्हणाली, “बोकडालाबी कापायच्या आधी बांधतात.”

संध्याकाळच्या आत गावात मोटारीची चर्चा नुसती पेटली. बायांनी पोरं घरात घेतली. कोणी म्हणालं, मोटारीच्या दिव्यांना बुबुळं हायेत. कोणी म्हणालं, ती उभी असताना श्वास घेते. आता टाकीतला निखारा निवताना सुसकारा टाकायचाच, पण ऐकणाऱ्याला कोण सांगणार?

बाईजाचा मुलगा कुंडलिक, कमळचा बाप, चिडला. “आये, लगीन मोडशील तू! त्या ताराबाय हायेत, बैलगाडीतनं सून न्यायच्या नायत.”

“लगीन मोडलं तं दुसरं जुळंल. पोर मोडली तं?”

दुसऱ्या दिवशी ताराबाई स्वतः आली. बाई धिप्पाड, आवाज गिरणीवर चढवून चढवून मोठा झालेला.

“विहीनबाई, मी चार वर्सं फिरते हिच्यात. मला काय झालं?”

“तुमाला घ्यायला तिची छाती नसंल,” बाईजा म्हणाली. “कवळं माणूस मिळायची वाट बघत असंल.”

“मोटर लोखंडाची हाय, वाघीण नाय!”

“वाघीण बरी. पोट भरलं का झोपते.”

ताराबाईनं पदर खोचला. “मुरबाडात सगळ्यांना सांगून बसलेय मी, नवरी मोटारीतनं येनार. मोटारीतनं आली तं लगीन. नायतर पोर तुमची तुमाला.”

कमळ दाराआड उभी होती. तिचा चेहरा बाईजानं बघितला. पोरीला लग्न हवं होतं. आता काय करायचं? मोडायचं नाय आणि पाठवायचं पण नाय. एकच वाट उरली. मोटारीला आधी तिचा मान द्यायचा.

“आत बसलेल्यालाच ती घेते,” बाईजा जैतूला म्हणाली, “तं चाकाखाली लिंबू ठेवून भागायचं नाय. आत बसव.”

पहिला कोंबडा बसवला, पट्ट्यानं बांधून. जैतू त्याला सरळगावपर्यंत फिरवून आला. कोंबडा छाती काढून उतरला आणि तेव्हापासून खुराड्यात शिरेना. मोटर दिसली की जाऊन दारापाशी उभा.

मग बोकड. बोकडाला दोन तास फिरवला. परत आले तेव्हा मागची गादी नाय, खिडकीचा पडदा नाय, आणि जैतूची टोपी पण नाय. मोटारीनं बोकड खायचा, तर बोकडानंच मोटर खाल्ली होती.

“बघितलंत? गरीब हाय बिचारी,” जैतू म्हणाला.

“गरीब नाय, हुशार हाय,” बाईजा म्हणाली. “तिला माणूसच पायजे.”

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी बाईजानं डोक्यावरनं पाणी घेतलं, ठेवणीतलं लुगडं नेसली, चंची कमरेला लावली. कमळच्या डोक्यावरनं हात फिरवला. “कुठं गो आजी?” पोरीनं विचारलं. “आल्ये नदीवर जाऊन,” म्हणाली आणि मोटारीत पुढं, डायवरच्या शेजारी जाऊन बसली.

“बांध रे जैतू मला. घट्ट.”

काळू नदीच्या उतारावर जैतू नेहमी थांबायचा, हाताचा ब्रेक ओढायचा आणि टाकीतला कोळसा ढवळायला मागं जायचा. कोंबड्याच्या वेळी बाईजानं हे दुरून बघून ठेवलं होतं. बोकडाच्या वेळी पक्कं केलं. तिला जैतूला ह्यात गोवायचं नव्हतं. त्याला घरी बायको होती, दुभती म्हैस होती.

जैतू उतरला. मागनं सळईचा खडखडाट आला. बाईजानं डोळे मिटले.

“खा गो बाय,” ती मोटारीला म्हणाली, “म्हातारी असले तरी हाडं खरी हायेत. खा पोटभर, नि माझ्या पोरीला सोड.”

आणि ब्रेकचा दांडा सोडला.

मोटर सुटली. मागनं जैतूची बोंब आली, ती किन्हवलीपर्यंत ऐकू गेली. मोटर वळणाला वळली नाय, सरळ कडेवरनं गेली. पाहणारे तीन कोलांट्या सांगतात. त्यांना मोजता येत नाय. सात होत्या. पहिल्या कोलांटीत कोळशाची टाकी उडाली, दुसरीत दिवे गेले, तिसरीत बोनेट कागदासारखं चुरगळलं. सातवीला मोटर नदीच्या वाळूत चाकांवर येऊन बसली, कोंबडी अंड्यावर बसते तशी.

बाईजा वाट बघत राहिली. आता घेईल, मग घेईल. कायच होईना. तिनं एक डोळा उघडला. पट्टा छातीला आवळलेला. छपराची गादी डोक्याशी टेकलेली. लुगड्याची निरीसुद्धा जागची हललेली नाय. तिनं चंची उघडून बघितली. तंबाखू सांडली नव्हती.

मोटारीचं तोंड मात्र पार आत गेलं होतं. दोन्ही दिवे लोंबत होते. कुठनंतरी पाणी गळत होतं, टप टप. बाईजानं हात पुढं करून तिच्या चेपलेल्या लोखंडावर ठेवला. लोखंड गरम होतं.

“आतल्याला वाचवतेस, नि मार सोताच खातेस व्हय गो,” ती हळूच म्हणाली.

जैतू रडत घसरत खाली आला. “आजी! आजी, कुठं लागलंय?”

“मला नाय लागलं. हिला लागलंय. नुसता बघतोस काय, पट्टा सोड.”

निरोप गेला तशी दुपारी ताराबाई नदीवर आली. मागनं आख्खा गाव. कुंडलिकनं तोंड लपवलं. लग्न गेलं, असंच सगळे धरून चालले होते. ताराबाईनं चुरगळलेली मोटर बघितली, मग खडकावर तंबाखू मळत बसलेली बाईजा बघितली. बाईजाला पुढनं बघितलं, मागनं बघितलं, दंडाला चिमटा काढला.

“हाय!” बाईजा ओरडली.

“एक ओरखडा नाय!” ताराबाई गावाकडं वळून गरजली. “बघा रे! चौथा माणूस! सत्तर वर्सांची म्हातारी, कड्यावनं, नि एक ओरखडा नाय!” तिचा चेहरा असा फुलला की जणू मोटर तिनंच घडवली. “आता तं ह्याच मोटारीतनं येनार नवरी. चालत नाय तं वढत नेऊ.”

“वढा,” बाईजा म्हणाली. “पण पोरीच्या शेजारी मी बसनार.”

“अजून संशय हाय का?”

“मोटारीवर नाय. रस्त्यावर हाय.”

दुसऱ्या दिवशी चार बैलांनी मोटर ओढली. जैतू चाक धरून पुढं, आत कमळ नि बाईजा एकाच पट्ट्यात, मागनं ताशे. बाईजानं बाहेर मुंडकं काढून एकेका बैलाला, एकेका मोरीला, प्रत्येक पुलाला नीट बघितलं. एका ठिकाणी उतरून फांदी हलवून पण बघितली.

मुरबाडच्या वेशीवर मोटर थांबली. कमळ उतरली, हसत. बाईजानं तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, बांगड्या चाचपल्या, अख्खी होती पोर. बाईजानं मोठा श्वास सोडला.

मांडवाच्या तोंडाशी मुंडावळ्या बांधून नवरा मुलगा उभा होता. हात बांधून, मान खाली, अगदी गरीब. बाईजा त्याच्याकडं बघत राहिली. चार दिवस मोटारीच्या पायी तिनं ह्या पोराची एका शब्दानं चौकशी केली नव्हती.

“गरीब हाय हो आमचा रघू,” ताराबाई कौतुकानं म्हणाली. “आजवर कोनाला वाकडा शब्द नाय बोलला.”

बाईजानं पदर कमरेला खोचला. ताशे वाजवणाऱ्यांना हात करून थांबवलं, आणि मांडवातला पाट ओढून त्याच्यासमोर बसली.

“मुहूर्ताला टाइम हाय ना? बस रे पोरा खाली,” ती म्हणाली. “आता तुजं पयल्यापास्नं सांग.”