खात्रीचा माणूस

आधी वर्तमानपत्रात आणि मग टीव्हीवर असताना त्याला सगळे पाठीमागे ‘बगळा’ म्हणत. प्रश्न विचारला की तो गप्प उभा राही. समोरचा उत्तर देऊन मोकळा झाला तरी हा नुसता पाहत राही, आणि ती शांतता सहन न होऊन समोरचा पोटातलं ओठांवर आणी. भल्याभल्यांची त्याने अशी भंबेरी उडवली होती. मग वाहिनीने निम्म्या लोकांना नारळ दिला, त्यात तोही गेला. बरेच दिवस घरी माश्या मारल्यावर तो गीझर बनवणाऱ्या एका कंपनीत जनसंपर्क अधिकारी झाला. बायको खूश होती. नवरा वेळेवर जेवायला घरी येऊ लागला होता. मेहुणा मात्र टोमणा मारायची संधी सोडत नसे. म्हणायचा, “दाजी, आधी तुम्ही लोकांची लक्तरं वेशीवर टांगायचात. आता धुऊन, इस्त्री करून देता.” दाजीही हसायचे. हसण्यावारी नेलं की पुढचं बोलणं टळतं, हे त्याला या नोकरीनेच शिकवलं होतं.

मग कंपनीचा एक गीझर फुटला आणि एक निवृत्त शिक्षिका भाजून गेली. गीझर बसवून देणाऱ्या वायरमनला पोलिसांनी उचललं. कंपनीने पत्रकार परिषद बोलावली आणि आदल्या दिवशी मालकांची तालीम घ्यायचं काम साहजिकच याच्याकडे आलं. बंद खोलीत आपण पत्रकार व्हायचं आणि मालकांना आडवेतिडवे प्रश्न विचारायचे, म्हणजे उद्या ते गडबडणार नाहीत.

खरं सांगायचं तर त्याला मजा येत होती. कितीतरी दिवसांनी त्याला जुना सूर सापडला होता. असं पूर्वी कधी झालं होतं का, त्याने विचारलं. आमच्या मालाची काटेकोर तपासणी होते, मालक म्हणाले. तो गप्प राहिला. मालकांनी पाण्याचा पेला उचलला, न पिता खाली ठेवला. तो गप्पच.

“दोन परत आले होते,” शेवटी मालक म्हणाले. “वाफ सोडणारा व्हॉल्व्ह अडकत होता. पुढच्या मालात आम्ही तो बदलला. पण विकलेले कुठे शोधत बसणार?”

मग मालकच आधी हसले. त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, बरं झालं, तुम्ही आपल्या बाजूला आहात. पूर्वी असं काही हाती लागलं की तो धावत सुटायचा. आता त्याने खुर्ची पुढे ओढली आणि मालकांकडून उत्तर घोटवून घेतलं: गीझर जाणकार माणसाकडूनच बसवून घ्यावा, ही आमची ग्राहकांना पहिल्यापासून विनंती आहे. वायरमनचं नाव काढायची गरजच नव्हती. वाक्य त्याचं स्वतःचं होतं, आणि चांगलं जमलं होतं, हेच त्याला सलत होतं. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं तेव्हा डोकं दुखतंय म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच रांगेत घाईबाई बसलेली. हे नाव त्यानेच ठेवलं होतं. त्याच्या हाताखाली शिकायला आली तेव्हा तिला क्षणभर तोंड मिटून बसता येत नसे. प्रश्नही तीच विचारायची आणि उत्तरही तीच सुचवायची. बाकीच्यांचे प्रश्न मालकांनी सहज परतवून लावले. मग ती उठली आणि असं पूर्वी कधी झालं होतं का, म्हणून तिने विचारलं. मालकांनी घोटलेलं वाक्य म्हणून टाकलं. ती खाली बसली नाही. माईक हातात धरून, मालकांकडे बघत, चकार शब्द न काढता उभी राहिली.

आधी त्याला अभिमानच वाटला. जमलं पोरीला! मग त्याने मालकांकडे पाहिलं. मालकांचा हात पेल्याकडे गेला होता आणि ओठ हलू लागले होते. आणखी थोडा वेळ गेला असता तर सगळं बाहेर पडलं असतं आणि तो वायरमन आपल्या घरी गेला असता. याने फक्त गप्प बसायचं होतं. आयुष्यभर जे केलं, तेवढंच.

“मंडळी, चहा गार होतोय,” तो म्हणाला.

लोक हसले, खुर्च्या सरकल्या. मालकांनी तोंड मिटलं.

चहाच्या टेबलाशी ती त्याला शोधत आली. चार शब्द ऐकून घ्यायची त्याने मनाची तयारी केली होती; एका परीने ते त्याला हवेच होते. पण तिने आधी काकूंची चौकशी केली, आता तुमची तब्येत बरी दिसते म्हणाली, आणि मग आवाज खाली आणला.

“सर, मालकांचं मला काही पटलं नाही. पण तुम्ही इथे आहात म्हणून विचारते. त्या वायरमनचीच चूक आहे का? तुम्ही सांगाल ते मी डोळे मिटून देईन.”

लांब दाराशी मालक कुणाशी तरी हसत बोलत होते. त्याने कपाकडे पाहिलं. तिच्याकडे पाहायचा त्याला धीर झाला नाही.

“हो,” तो म्हणाला. “त्याचीच.”

तिने कप ठेवला, तिथेच उभ्या उभ्या ऑफिसला फोन लावला आणि बातमी सांगायला लागली. पलीकडून कुणीतरी काहीतरी विचारलं असावं.

“पक्की आहे,” ती म्हणाली. “मी ज्यांच्याकडे शिकले, त्यांनीच सांगितलंय.”