आमच्या पाड्यातली ममी

शहापूरच्या एका साप्ताहिकात मी जुन्या सिनेमांवर लिहिते. लोक म्हणतात, हर्षाली लिहीत नाही, सोलून काढते. म्हणून ‘फॅरोचा फेरा’ हा सव्वीस वर्षांपूर्वीचा मराठी ममीपट इंटरनेटवर सापडला, तेव्हा संपादकांनी तो माझ्याच गळ्यात मारला. त्यातली ममी माझा बाप आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

आधी सिनेमाबद्दल. एक प्रोफेसर इजिप्तमध्ये थडगं उकरतो, ममी उठते, माणसं मारते, शेवटी गावकरी तिला जाळतात. एवढ्यासाठी सव्वादोन तास आणि सहा गाणी. प्रोफेसर जमिनीखालच्या थडग्यातही काळा गॉगल काढत नाही. इजिप्त म्हणजे खर्डीपलीकडचा आमचा माळ. बांबू-गोणपाटाच्या पिरॅमिडमागे मोहाचं झाड स्पष्ट दिसतं. तांडा दाखवायला एकच उंट सात वेळा डावीकडून उजवीकडे जातो, आणि सातव्यांदा त्यालाही कंटाळा आलेला दिसतो.

थडग्याच्या भिंतींवर इजिप्तची चित्रलिपी हवी होती. ती कुणाला येणार? पाड्यातल्या बायकांना बोलावलं. त्यांनी तांदळाच्या पिठाने जे येत होतं तेच काढलं, लग्नाचा चौक. नवरा-नवरी, वाजंत्री, फेर धरून नाचणारी माणसं. त्यावर बोट फिरवत प्रोफेसर कापऱ्या आवाजात वाचतो, “जो हे दार उघडेल, त्याचा निर्वंश होईल!” हा प्रसंग मी पाच वेळा पाहिला आणि पाचही वेळा पोट धरून हसले.

आता ममी. अफाट वाळवंटात ती पावलापुढे पाऊल टाकत, हात थोडे पसरून चालते. जन्मभर शेताच्या बांधावरून चाललेला माणूस मोकळ्या माळावरही तसाच चालतो. नायिकेचा गळा दाबायला देवळात शिरताना ती वाकते, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावते आणि मगच आत जाते. दिग्दर्शकाचं लक्ष नव्हतं, की रीळ वाचवायचं होतं, देव जाणे.

एवढं लिहून माझं पेन अडलं. कारण बाबांनी हा सिनेमा कधी पाहिलेलाच नाही.

जळण्याच्या दृश्यासाठी पेंढ्याचं बुजगावणं करून त्याला बाबांच्याच पट्ट्या गुंडाळल्या होत्या. आमच्या पाड्यात माणूस परमुलखात मेला आणि मढं हाती लागलं नाही, तर पेंढ्याचा पुतळा जाळतात आणि तो गेला असं धरतात. आई बाबांची भाकरी घेऊन माळावर गेली होती, तिने नेमकं तेच बघितलं. बाबा झाडाखाली विडी ओढत बसले होते, पण तिच्या लेखी त्यांचं सगळं उरकलं होतं. पाड्याची सुईण सावळी म्हणाली, आता याला नव्याने जन्माला घाला. झालं! बाराव्या दिवशी बत्तीस वर्षांच्या मिशीवाल्या बापाला पाळण्याशेजारी बसवून बारसं केलं, घुगऱ्या वाटल्या. लखमाचा भगीरथ झाला. तरी आईचं समाधान होईना. मी तीन वर्षांची होते. तिने बाबांचा हात माझ्या डोक्यावर ठेवला.

“या पोरीची शपथ हाय. तू सोताला जळताना कदी बगायचा नाय.”

शहापूरला तंबूत सिनेमा लागला तेव्हा अख्खा पाडा गेला, बाबा घरी राहिले. जाळायचं दृश्य यायच्या आतच आईने सगळ्यांना तंबूतून उठवून आणलं. जन्मात एकदाच शेतीबाहेरचं काही केलं आणि ते बघता आलं नाही, हे त्यांना लागून राहिलं होतं. सुदामकाकाला ते वर्षानुवर्षं विचारत, “मी बरा दिसतो का रे?” काका दर वेळी म्हणे, “तू दिसतोस कुठं? नुसत्या पट्ट्या.”

आईला जाऊन दोन वर्षं झाली. रविवारी दुपारी मी मोबाइल घेऊन पाड्यावर गेले.

“बाबा, आता तरी बघ. आई नाही आता.”

ओटीवर ते बांबूच्या कामट्या काढत बसले होते. “आय नाय, पन तू हायेस ना गो,” म्हणाले आणि मोबाइलकडे पाठ करून बसले. “तू बग आन सांग. मी आयकतो.”

माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. तरी मी वाद घातला नाही. सिनेमा लावला आणि दिसेल ते सांगत गेले. उंटावर ते हसले, चौकावर तर ठसका लागेपर्यंत हसले. उंबऱ्याचं सांगितलं तेव्हा मात्र रागावले. “मग? देवाच्या दारात तसाच शिरू?”

शेवट आला. तो मी आधी प्रत्येक वेळी पळवतच पाहिला होता. बुजगावणं पेटतं, सगळे इजिप्तवाले आनंदाने नाचतात. तेवढ्यात कडेने एक बाई शिरते. गुडघ्यापर्यंत लुगडं, हातात फडक्यात बांधलेली भाकरी. ती ओरडत थेट आगीकडे धावते. वर गाणं चालू आहे, त्यामुळे आवाज ऐकू येत नाही.

आईचा आमच्याकडे एकच फोटो आहे, आधार कार्डावरचा. त्यात तिला कुणी रागावल्यासारखं दिसतं. इथे ती पंचवीस वर्षांची होती आणि धावत होती. मला रडू आवरेना. सोलायला घेतलेल्या सिनेमात माझी आई नवऱ्यासाठी ऊर फुटेस्तोवर ओरडत होती.

“काय झाला गो?”

“बाबा, यात आई आहे.”

कोयता खाली ठेवल्याचा आवाज झाला. बाबा उठून माझ्या शेजारी येऊन बसले. डोळे घट्ट मिटलेले.

“आग कंच्या बाजूला हाय?”

“डावीकडे.”

“आन ती?”

“उजवीकडे.”

त्यांनी हात पुढे केला. मी तो धरून डाव्या अर्ध्या भागासमोर आणला, सिनेमा थांबू नये म्हणून काचेला टेकू दिला नाही. जाळ झाकला गेला. मी ते दृश्य मागे नेऊन पुन्हा लावलं आणि म्हटलं, “उघड.”

आई उजवीकडून धावत आली आणि बाबांच्या तळहाताखाली शिरली.

“परत लाव,” बाबा म्हणाले.